गर्भातल्या बाळासाठी उपकरण करताय? आधी भोकाबद्दल बोलू

प्रश्न विचारणारे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, हडपसरला राहतात आणि दोन मित्रांबरोबर नोकरी सांभाळून हा उद्योग करताहेत. पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्यातली फट, म्हणजे स्पायना बायफिडा, आईचं पोट न उघडता बंद करता यावी म्हणून त्यांना तीन मिलिमीटर जाडीचं, टोकाशी वळणारं, मोटरवर चालणारं उपकरण करायचंय. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: मोटर कुठली घ्यावी, टोकाच्या सांध्याला नायटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा लवचीक मिश्रधातू) बरं की स्टील, आणि एवढं बारीक काम पुण्यात कोण करून देईल.

तिन्हींची उत्तरं देते, पण उलट्या क्रमाने. मोटर सगळ्यात शेवटी. आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं बोलणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही, डिझाइन इंजिनिअर आहे. अठरा वर्षं पुण्यात हेच करते. सुरुवातीला दुर्बिणीच्या ऑपरेशनची हत्यारं केली, नंतर गर्भवैद्यक तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टर बाईंबरोबर गर्भाशयात दुर्बीण घालायच्या नळीवर चार वर्षं काढली. ती नळी त्या कामासाठी बाजारात आली नाही. का, ते पुढे येईलच.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात टोकाबद्दल सगळं आहे: किती अंशांत वळेल, पकड किती असेल, टाका कसा ओढेल. पण ते टोक ज्या भोकातून आत जाणार, त्याबद्दल एक ओळ नाही. हा टोमणा नव्हे, माझ्या पहिल्या आराखड्यातही नव्हती. एरवीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये भोकाची एवढी फिकीर करावी लागत नाही. पित्ताशय काढलं, भोकाला टाका घातला, आठ-दहा दिवसांत कातडी जुळून आली. इथे मात्र गाठ पाणमोटेशी, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीशी आहे.

पाणमोटेला दोन पडदे असतात. बाहेरचा कोरिऑन, आतला ॲम्नियॉन. आतला अगदी पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण ताण सोसायचं बहुतेक काम तोच करतो. आणि त्याला रक्तवाहिन्या नसतात. रक्त नाही म्हणून खपली नाही, आणि खपली नाही म्हणून जखम भरणं नाही. फेटोस्कोपीनंतर, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून केलेल्या कामानंतर, कित्येक आठवड्यांनी बाळंतपण झालं आणि वार तपासायला घेतली, तर ते भोक स्वच्छ कडांसकट जागच्या जागी दिसतं. तोवर त्यातून पाणी झिरपतं, दोन पडद्यांच्या मध्ये शिरतं, पडदे एकमेकांपासून सुटतात, आणि महिने भरण्याआधीच पाणमोट फुटते. जुळ्यांमध्ये लेसरने शिरा बंद करायच्या फेटोस्कोपीनंतर हे होण्याचं प्रमाण बऱ्याच केंद्रांच्या आकडेवारीत ३० टक्क्यांच्या आसपास फिरतं. म्हणजे आतलं काम उत्तम झालं तरी बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाहेर, असं होऊ शकतं.

२०२१ साली प्रसिद्ध झालेली टोटल चाचणी बघा. काही बाळांच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला जन्मजात भोक असतं, आतडी वर सरकतात आणि फुप्फुसं वाढत नाहीत. गंभीर आजार असलेल्या गटात सत्तावीस ते एकोणतीस आठवड्यांच्या दरम्यान दुर्बिणीतून बाळाच्या श्वासनळीत फुगा बसवला आणि चौतिसाव्या आठवड्यात काढला. फुगा बसवलेली ४० टक्के बाळं जगून घरी गेली, न बसवलेल्यांमध्ये १५ टक्के. केवढा फरक! पण त्याच अभ्यासात वेळेआधी पाणमोट फुटण्याचं प्रमाण फुग्याच्या गटात ४७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ११ टक्के.

तुमच्या आजाराचं गणितही याच वळणाचं आहे. २०११ ची मॉम्स चाचणी, १८३ स्त्रिया. सव्वीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत गर्भाशय उघडून बाळाची पाठ बंद केली, तर डोक्यातलं पाणी उतरवायला शंट, म्हणजे एक बारीक नळी, घालायची वेळ वर्षभरात ४० टक्के बाळांवर आली. जन्मानंतर ऑपरेशन झालेल्यांमध्ये ८२ टक्के. पण पोटात ऑपरेशन झालेली बाळं सरासरी ३४.१ आठवड्यांना जन्मली, दुसरी ३७.३ ना. शिवाय आईच्या गर्भाशयावर उभा जन्म पुरेल असा व्रण राहिला, पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियननेच करावं लागणार. हा व्रण टाळावा म्हणूनच जगभरातले लोक दुर्बिणीकडे वळले, त्यामुळे तुमचा हेतू चुकलेला नाही. फक्त व्रण वाचवताना पाणमोटेचं ओझं वाढत नाही ना, हे आधी बघायला हवं.

एकदा त्या डॉक्टर बाईंच्या ओपीडीत मी कोपऱ्यात बसले होते. साताऱ्याकडचं जोडपं होतं. एकाच वारेवर वाढणारी जुळी, आणि एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे चाललेलं. बाईंनी कागदावर वार काढली, शिरा काढल्या, लेसर कुठे मारणार ते दाखवलं. नवरा-बायको गप्प. बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “पन म्याडम, पिशवीला भोक पाडल्यावर पानी न्हाई का गळायचं?” बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “आजी, आम्हालाही तीच काळजी असते.” आमच्या डिझाइनच्या बैठकांमध्ये हा प्रश्न निघायला सहा महिने लागले होते.

आता यातून डिझाइनसाठी काय निघतं ते बघू. पहिलं, व्यास. या क्षेत्रात नळ्या फ्रेंचमध्ये मोजतात, तीन फ्रेंचचा एक मिलिमीटर. १० फ्रेंचची नळी ३.३ मिलिमीटरची, ७ फ्रेंचची २.३ मिलिमीटरची. व्यासात एकच मिलिमीटर कमी झाला, पण भोकाचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं. ऐकायला छान वाटतं. आता दुसरी बाजू: दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. भरीव दांडा ३ वरून २ मिलिमीटरवर आणलात की त्याचा ताठपणा पाचव्या हिश्शावर येतो. सर्जनने मूठ हलवली की टोक हलायच्या आधी दांडा मध्येच वाकतो, आणि ती वाक पडते नेमकी गर्भाशयाच्या भिंतीत, म्हणजे जिथे तुम्हाला काहीच हालचाल नको आहे तिथे.

त्यात एक गोष्ट बेंचवर, म्हणजे लॅबमधल्या टेबलावर तपासताना, लक्षातच येत नाही. नळी दोन भिंतींमधून जाते, पोटाची आणि गर्भाशयाची. या दोन भिंती एकमेकींना शिवलेल्या नसतात. आई श्वास घेते, गर्भाशय आकसतं, बाळ कूस बदलतं, आणि नळी दोन्हीकडे वेगवेगळी ओढली जाते. तरफ धरा: बाहेर वीस सेंटिमीटर, आत आठ-दहा. टेकू कुठे? त्या पातळ पडद्यावर. म्हणून मी कुठलाही आराखडा हातात घेतला की पहिल्यांदा हेच विचारते, की टोकाची शंभर टक्के हालचाल झाली तेव्हा भोकाच्या जागी नळी आडवी किती मिलिमीटर सरकली? तुमच्या चित्रात तीन भोकं आहेत, एक कॅमेऱ्याचं आणि दोन हातांची. हा हिशोब तिन्हींचा लावा.

भोकाकडून विचार केला की कसलं देखणं काम होतं, त्याचं एक उदाहरण देते. वर सांगितलेला श्वासनळीतला फुगा चौतिसाव्या आठवड्यात काढावा लागतो, म्हणजे पुन्हा सुई किंवा दुर्बीण आणि पुन्हा एक भोक. आणि काढायच्या आधीच कळा सुरू झाल्या तर तारांबळ, कारण फुगा श्वासनळीत असताना बाळ जन्मलं तर त्याला श्वासच घेता येत नाही. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या लोकांनी फुग्याला एक छोटी चुंबकीय झडप बसवली. आई एमआरआय यंत्राभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून गेली की झडप उघडते आणि फुगा आपोआप रिकामा होतो. माणसांवरचे पहिले अभ्यासही झालेत. या सगळ्यात मोटर कुठेही नाही.

आता आमची फजिती. पहिली नळी आम्ही रबरी फुग्यावर आणि कोंबडीच्या कातडीवर तपासली. झकास चालली. मग हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढून, आयांची लेखी संमती घेऊन, ठरवून केलेल्या सिझेरियनमधले पडदे मिळवले. ते एका गोल कडीवर ताणले, खाली सदतीस अंशांचं सलाईन ठेवलं आणि नळी वरून सावकाश खाली आणली. पडदा फाटेना. तंबूचं कापड आतून काठीने ढोसावं तसा तो टोकाबरोबर आत आत जात राहिला. दहा मिलिमीटर, बारा, पंधरा. मग एकदम फट् झालं. फाटलेलं तोंड नळीपेक्षा मोठं होतं आणि कड वेडीवाकडी. पडदा उलटा करून बघितला, तर ॲम्नियॉन कोरिऑनपासून रुपयाच्या नाण्याएवढा सुटलेला. आम्ही ज्याला ‘प्रवेश’ म्हणत होतो, त्यातच आजाराची सुरुवात होती.

यात दोन गोष्टी होत्या. एक, आमचं टोक तीन पैलूंचं, पिरॅमिडसारखं होतं. ते कापण्याऐवजी ढकलत होतं. दुसरी सापडली भोसरीत. नळ्या ज्या वर्कशॉपमध्ये करून घेत होतो तिथे एक टर्नर काका होते, चाळीस वर्षं मशीनवर उभे राहिलेले. मी तक्रार घेऊन गेले. आमच्याकडचे फोटो, मायक्रोस्कोपखालच्या मोजण्या, सगळं बरोबर होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फर्स्ट एडच्या डब्यातला कापसाचा बोळा काढला आणि नळीच्या तोंडावरून हलकेच फिरवला. दोन तंतू अडकून राहिले. “ताई, बर आहे. कापूस अडकतोय, तर तुमचा तो पडदा नाही का अडकणार?” बर म्हणजे धातू कापताना कडेला राहिलेला बारीक काटा. डोळ्यांना न दिसणारी, नखाला न लागणारी, पण नळी आत जाताना ती पडद्याला धरून पुढे ढकलत होती. त्यानंतर आम्ही तोंडाची कड इलेक्ट्रोपॉलिश, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने गुळगुळीत, करून घेतली, नळी आणि आतल्या सळईमधली फट कमी केली, म्हणजे त्या पायरीवर पडदा अडायला नको, आणि टोक पिरॅमिडऐवजी सुईसारखं तिरकं कापलं. तंबू पाच-सहा मिलिमीटरवर आला. कापसाची चाचणी आमच्या तपासणीच्या फॉर्मवर कायमची बसली.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पुण्यात हे काम होतं. भोसरी, चाकण, पिरंगुटकडे डिझेल इंजेक्टरच्या नोझलची बारीक कामं करणारी वर्कशॉप्स आहेत. दहा-वीस मायक्रॉन त्यांना नवीन नाहीत. वायरकट, स्लाइडिंग हेड लेथ, सगळं मिळतं. अडचण दुसरीच असते. तुम्हाला पाच नग हवे असतात, आणि त्यांचं मशीन पाच हजारांसाठी लावलेलं असतं. शनिवारी दुपारनंतर जा, चहा प्या, सेटिंगचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. मटेरियलचं सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून मागा, ‘स्टीलच आहे हो’ यावर जाऊ नका. नायटिनॉलची नळी लेसरने कापून घ्यायची असेल तर सुरत-वापीकडे बघा. हृदयाचे स्टेंट तिकडे बनतात, त्यामुळे ते कौशल्य तिथे आहे.

स्टील की नायटिनॉल, हे तुम्ही नक्की काय करणार यावर ठरेल. बाहेरची नळी मी डोळे मिटून स्टीलची करेन, कारण कमी जाडीत ताठपणा तिथेच मिळतो. वळणारा सांधा २ मिलिमीटरच्या आत बसवायचा असेल तर नायटिनॉलची खाचा पाडलेली नळी बरी. स्टीलची तशीच नळी वारंवार वाकवून लवकर तुटते, आणि बाळाच्या शेजारी तुकडा पडणं परवडणारं नाही. फक्त नायटिनॉल मागवताना त्याचं रूपांतराचं तापमान सांगून मागवा. गर्भजल सदतीस अंशांच्या आसपास असतं. त्याच्या बऱ्याच खाली ते तापमान हवं, नाहीतर एसी लावलेल्या ऑपरेशन थिएटरमध्ये सांधा एक वागेल आणि आत गेल्यावर दुसरं.

आत काय असतं, याचीही थोडी कल्पना हवी. वीस आठवड्यांचं बाळ साधारण सव्वातीनशे ग्रॅमचं. बाळ आणि वार मिळून रक्त पस्तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात अर्ध्याला पोचेल एवढंच. आपल्याला ‘थोडंसं रक्त गेलं’ वाटतं, ते त्याच्या हिशोबात फार असतं. कातडी दुधावरच्या सायीसारखी. पकडीचं टोक दातेरी असेल तर ती धरली न जाता निघून येते. पाणी स्वच्छ नसतं, पिवळसर, कण तरंगणारं, आणि थोडं रक्त मिसळलं की कॅमेऱ्याला फक्त लालसर धुकं दिसतं. वार पुढच्या भिंतीवर असेल तर सरळ रस्ता बंद, कारण वारेतून नळी घालत नाहीत, रक्तस्राव होतो. मग तिरकं जावं लागतं आणि सरळ दुर्बीण बघायच्या जागी पोचत नाही. तुमचं वळणारं टोक खरं उपयोगी पडेल ते कदाचित इथे. कुठल्या आठवड्यात, वार कुठे, पाणी किती, यावर एकाच उपकरणाची उपयुक्तता पूर्ण बदलते, म्हणून ‘हे चालेल का’ याला सरळ हो-नाही उत्तर माझ्याकडे नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पाणमोट भरून येत नाही, म्हणून भोकांची संख्या, व्यास, आत शिरतानाचा तंबू आणि आडवी ओढ हे चार आकडे आधी. टोक काय करतं ते नंतर.

नळी आत जाते ती सोनोग्राफीत बघत बघत. म्हणून ती सोनोग्राफीत दिसली पाहिजे. गुळगुळीत स्टील तिरकं धरलं की ध्वनी दुसरीकडेच परावर्तित होतो आणि स्क्रीनवर टोक गायब. सुयांना यासाठी बारीक खाचा पाडतात. पण आम्ही आत्ताच तर पडद्यासाठी कड गुळगुळीत केली होती! आमचा तोडगा असा: खाचा नळीवर नाहीत, आतल्या सळईवर, टोकापासून थोड्या मागे. पडद्याला लागते ती गुळगुळीत धार, आणि सोनोग्राफीत चमकतो मागचा भाग. टोक चमकणाऱ्या भागाच्या किती पुढे आहे ते सर्जनला माहीत असलं की झालं.

हे तपासायला आम्हाला लॅबमध्ये सोनोग्राफी मशीन हवं होतं. बजेटमध्ये जुन्या मशीनचे पैसे धरले होते. विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, पीसीपीएनडीटीचं रजिस्ट्रेशन कुठाय? लिंगनिदान रोखण्यासाठीचा १९९४ चा हा कायदा नोंदणी नसलेल्या कुणालाही, प्रयोगशाळेलासुद्धा, असं मशीन विकू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मशीन विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. नोंदणी असलेल्या हॉस्पिटलशी रीतसर करार करा आणि ओपीडी संपल्यावर तिथे जाऊन, तिथल्या मशीनवर, तिथल्या रेडिऑलॉजिस्टच्या हाताने चाचणी करा. आम्ही चायना ग्रासची खीर करावी तशी जेली करायचो आणि त्यात ईसबगोल ढवळायचो. ईसबगोलामुळे जेली सोनोग्राफीत खऱ्या पेशींसारखी दाणेदार दिसते. आमच्या ऑफिसखालचा किराणावाला एवढं ईसबगोल बघून माझ्याकडे फार सहानुभूतीने बघायचा.

पुढचा मुद्दा लोक टाळतात. तुम्ही पाकिटावर ‘एकदाच वापरा’ छापाल, आणि ते उपकरण इथे धुऊन, ईटीओ करून (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून) पुन्हा वापरलं जाण्याची बरीच शक्यता आहे. एक मिलिमीटरच्या आत तीन तारा, सांध्याच्या खाचा, आणि त्यात अडकलेलं रक्त. तिथे ब्रश पोचत नाही. माझं मत असं, की एकदाच वापरायचं असेल तर ते दुसऱ्यांदा चालणारच नाही असं काहीतरी आत ठेवा, नाहीतर सुरुवातीपासून सुटं करता येईल, धुता येईल असं करा. मधला मार्ग सगळ्यात वाईट.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स वाचा. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. सी आणि डीचे परवाने केंद्राकडे, सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडे असतात. मज्जासंस्थेला थेट लागणारं साधन म्हटलं की तुम्ही वरच्या वर्गात जाता, आणि स्पायना बायफिडा म्हणजे उघडी मज्जारज्जूच. चाचणीसाठी नग बनवायलासुद्धा परवाना लागतो, अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३. माणसांवर चाचणीची परवानगी वेगळी, एमडी-२२ ने मागायची. हे सगळं होईपर्यंत जोखमीची नोंदवही पहिल्या दिवसापासून लिहा. त्यात दोन रकाने ठेवा, आईचा वेगळा, बाळाचा वेगळा. आईला स्वतःला बहुतेक वेळा काहीच आजार नसतो. ती बाळासाठी भोक पाडून घेते. तिच्या रकान्यात ‘फायदा’ या शब्दासमोर काय लिहिणार, हे आम्हाला कमिटीने विचारलं होतं आणि आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं.

आता आमची नळी का आली नाही ते. बेंचवर ती चांगली चालत होती. पण माणसांवरच्या चाचणीसाठी पैसे देणाऱ्यांनी वर्षाला किती नग खपतील ते विचारलं. एकाच वारेवरच्या जुळ्यांपैकी दहा-पंधरा टक्क्यांमध्ये रक्ताचा असमतोल होतो, त्यातल्या वेळेत निदान झालेल्या, वेळेत मोठ्या शहरात पोचलेल्या किती? आम्ही आकडा सांगितला आणि चहा येण्याआधी मीटिंग संपली. जगभर हीच गत आहे. या क्षेत्रातलं बरंचसं सामान उसनं आहे. लेसरचा तंतू मूतखड्याच्या कामातला, श्वासनळीतला फुगा मुळात रक्तवाहिन्यांसाठीचा, तीन मिलिमीटरच्या पकडी लहान मुलांच्या दुर्बिणीतल्या. आमच्या नळीची तीच कड, तीच फट पुढे गर्भाशयाच्या साध्या तपासणीच्या दुर्बिणीत गेली आणि तिथे विकली जाते. मला याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही. तुम्हीही सांधा करा तो नवजात बाळांच्या ऑपरेशनमध्ये आधी चालेल असा करा. तिथे अनुभव आणि पैसे दोन्ही मिळतील.

आणि मोटर. आत्ता घेऊच नका. टोकापर्यंत जाणारी तार वळणांवरून घसरत जाते. घर्षणांक ०.२ धरला आणि तार एकूण १८० अंश वळली, तर लावलेल्या ओढीतली जवळजवळ निम्मी वाटेतच जिरते. शिवाय ओढताना आणि सोडताना ती वेगवेगळी जिरते, म्हणून टोक मागे राहतं आणि मग एकदम उडी मारतं. सायीसारख्या कातडीशेजारी ही उडी नको. मोटर लावली की ही उडी सर्जनच्या बोटांना जाणवायची बंद होते. आधी हाताने चालणारी मूठ करा, तारेतला ताण मोजा, उडी कमी करा. लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज आणि बेल्जियममधलं ल्युवेन विद्यापीठ यांनी मिळून गर्भशस्त्रक्रियेच्या उपकरणांवर बरीच वर्षं काम केलंय, त्यांचे निबंध वाचा. तिथले लोकही मोटरपेक्षा नीट दिसण्याशी जास्त झगडताना दिसतील.

तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष फक्त शिरायच्या नळीवर घालवलं असतं. बूच हाही चांगला विषय आहे. भोकात जिलेटिनचे, कोलॅजनचे बूच घालून बघितलेत, ठोस फायदा दिसलेला नाही. खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या गोंदावरून तयार केलेल्या चिकट पदार्थांवरही काम चालू आहे. म्हणजे जागा अजून मोकळी आहे, आणि तिघांच्या टीमला झेपेल एवढी ती लहानही आहे. मेंढ्यांवरच्या प्रयोगांपर्यंत जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, की मेंढीची वार आणि पडदे माणसासारखे नसतात. बाळावरचं काम तिच्यात शिकता येतं, भोकाचं वागणं तिच्यावरून ठरवता येत नाही.

सुरुवात पडद्यांपासून करा. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये जाऊन या, तिथे तुमच्यासारख्यांना लॅब आणि कागदपत्रांची वाट दोन्ही दाखवतात. हॉस्पिटल गाठा, संमतीचा फॉर्म मराठीत करा आणि त्यात ‘वार’ हा शब्द वापरा, ‘अपरा’ लिहिलंत तर कुणाला कळणार नाही. कळा सुरू व्हायच्या आधी केलेल्या सिझेरियनचेच पडदे घ्या, थंड सलाईनमध्ये आणा, त्याच दिवशी वापरा. नऊ महिने भरलेले पडदे विसाव्या आठवड्यातल्यांसारखे वागत नाहीत, हे अहवालात पहिल्या पानावर लिहा. टोक टेकल्यापासून फाटेपर्यंत पडदा किती मिलिमीटर आत गेला आणि ॲम्नियॉन किती सुटला, एवढं वीस पडद्यांवर मोजा. सध्या बाजारात मिळणारी एखादी नळीही त्याच कडीवर, त्याच वेगाने लावून बघा, नाहीतर तुमच्या आकड्याला अर्थ राहणार नाही. आकडे आले की इथेच टाका, मी बघते.